सोडलेलं स्टेरिंग

"पण चूक कुठं आहे ते तरी सांगा, वस्ताद. मी सगळं तपासलंय."

दस्तगीर वस्ताद जीपच्या पुढच्या चाकाशी उकिडवे बसले होते. त्यांनी चाक दोन्ही हातांनी धरून हिसडलं. चाक जराही हललं नाही.

"चूक नाही," ते म्हणाले.

"मग मी तेच म्हणतोय की!"

"म्हण."

गजेंद्र चौगुले बघतच राहिला.

गडहिंग्लजला वस्तादांच्या हाताखाली त्यानं सात वर्षं काढली होती. तीन वर्षांपूर्वी आजऱ्याच्या रस्त्यावर स्वतःचं गॅरेज टाकलं. गाडीच्या पुढच्या भागाची कामं, म्हणजे स्टेरिंग आणि स्प्रिंगचे पाटे, गजेंद्रनंच करावीत असं लोक म्हणायचे. त्याच्या हातची गाडी रुळावर चालल्यासारखी जाते म्हणायचे. हे त्यानं पुष्कळदा ऐकलं होतं आणि प्रत्येक वेळी त्याला ते आवडलं होतं.

ही जीपही त्याच्याच हातची. महिन्यापूर्वी पाटे उतरवून त्यानं झिजलेले बुश बदलले, चाकं वळवणारे टायरॉड नवे घातले. स्टेरिंगमध्ये दोन बोटं प्ले होता. चक्र तेवढं फिरवलं तरी चाकांना पत्ताच नसायचा. गजेंद्रनं स्टेरिंग बॉक्सचा स्क्रू आवळून तो प्ले पार काढून टाकला.

आणि गेल्या सोमवारी तीच जीप आंबोलीच्या घाटात वळणावर डोंगराकडच्या गटारात गेली. आत दहा माणसं होती. एका म्हातारीचं मनगट मोडलं.

ड्रायव्हर लहू नाईक एवढंच सांगत राहिला, "वळण संपलं, पण स्टेरिंग परत आलं नाही."

गजेंद्रनं मालकाला सांगितलं, "डुलकी लागली असणार त्याला."

बावीस वर्षं घाट चालवणाऱ्या लहूकडून मालकानं किल्ली काढून घेतली. लहू भांडला नाही. तो वस्तादांकडं आला, आणि वस्तादांनी गजेंद्रला निरोप धाडला : जीप घेऊन ये.

आता लहू बाभळीखाली उभा होता.

"चल," वस्ताद उठले. "आधी माझ्या गाडीत बस."

वस्तादांची जीप गजेंद्रपेक्षा वयानं मोठी होती. बसल्या बसल्या त्यानं सवयीनं चक्र हलवून पाहिलं.

"वस्ताद, ह्यात केवढा प्ले आहे! माझ्याकडं आली असती ना..."

"तर?"

"एका दिवसात काढला असता."

"हां," वस्ताद म्हणाले.

गावाबाहेर बैलबाजाराचा माळ होता. बाजाराचा दिवस नव्हता, त्यामुळं माळ मोकळा. लहू घाटात गटारात गेलेली ती दुसरी जीप घेऊन मागोमाग आला आणि उतरून कडेला थांबला.

वस्तादांनी वेग घेतला, गाडी डावीकडं वळवली आणि दोन्ही हात उचलून गुडघ्यांवर ठेवले.

चक्र आपसूक गरकन उलटं फिरलं. जरासं इकडं तिकडं डुललं आणि थांबलं. जीप सरळ निघाली.

"कोणी आणलं?"

"काय?"

"स्टेरिंग. जाग्यावर कोणी आणलं?"

"चाकांना तसा कल दिलेला असतो, वस्ताद. गाडी पुढं पळाली की ती आपोआप सरळ होतात. तुम्हीच शिकवलंय."

"मी?"

"हो."

"बरं शिकवलंय," म्हणत वस्ताद खाली उतरले आणि दुसऱ्या जीपमध्ये जाऊन बसले. गजेंद्र त्यांच्या शेजारी.

तोच वेग. तेच वळण. वस्तादांनी पुन्हा हात सोडले.

चक्र निम्मं परत आलं... आणि तिथंच थांबलं.

जीप सरळ झाली नाही. मोठं रिंगण धरून फिरू लागली. एक फेरी झाली. लहू समोरून गेला.

"धरा की, वस्ताद."

वस्तादांचे हात गुडघ्यांवरच होते.

दुसरी फेरी. बैलांना पाणी पाजायचा दगडी हौद गजेंद्रच्या बाजूनं गेला. मघापेक्षा जवळून गेला असं त्याला वाटलं. त्यानं हात पुढं केला.

"हात लावू नको."

"का?"

"चूक नाही ना त्यात?"

"चूक... नाही. पण..."

तिसरी फेरी. सगळा धुरळा आत आला. धुरळ्यातून लहू पुन्हा समोर आला. त्याची नजर गाडीवर नव्हती, चक्रावर होती. गजेंद्रला दिसलं, की लहूचे रिकामे हात हवेत कसलंतरी चक्र ओढत होते.

हौद आला.

गजेंद्रनं झडप घालून चक्र ओढलं. ते सहज आलं नाही. गंजलेल्या कुलुपात किल्ली अडावी तसं मधेच अडलं. त्यानं जोर केला तेव्हा गाडी सरळ झाली आणि हौद हातभर अंतरावरून मागं गेला.

वस्तादांनी ब्रेक दाबला.



"मी आवळलं ते," गजेंद्र म्हणाला.

वस्तादांनी इंजिन बंद केलं.

"पण प्ले हा दोषच ना, वस्ताद? दोष होता, तो काढला. दोष काढल्यावर दोष आला कुठनं?"

वस्ताद काचेवरचा धुरळा बघत होते.

"मग काय, दोष ठेवायचा? लोकांना सांगायचं, थोडा ठेवलाय म्हणून? नाहीतर... तो दोषच नव्हता का?"

वस्ताद उतरून हौदाकडं निघाले.

गजेंद्र खाली उतरला. चार पावलं लहूकडं गेला आणि थांबला. मग त्यानं खिशातून फोन काढला आणि मालकाला लावला.

"मालक, लहूमामाला किल्ली परत द्या. डुलकी नव्हती. माझ्या कामानं झालं... कसं म्हणजे? मलाही अजून नीट कळलेलं नाही. पण डुलकी नव्हती. त्या म्हातारीचं घर कुठं आहे तेवढं सांगा, मी जाऊन येतो."

लहूनं ऐकलं. टोपी काढून डोकं खाजवलं आणि पुन्हा घातली.

गजेंद्रनं जीपचं बॉनेट उघडलं. स्टेरिंग बॉक्सच्या स्क्रूवरचा नट पान्यानं सैल केला. स्क्रूड्रायव्हर खाचेत बसवला. एवढं काम तो डोळे मिटून करायचा. आज हात पुढं जाईना.

"वस्ताद, किती?"

वस्ताद हौदाच्या पाण्यात हात धूत होते.

"पाव फेरा सोडू? का अर्धा?"

वस्तादांनी हात झटकले.

"जास्त सोडला तर गाडी रस्ताभर भटकेल. कमी सोडला तर पुन्हा अडकेल. मी कालपर्यंत सांगत होतो सगळ्यांना, आज मलाच... माप सांगा, वस्ताद. एकदाच सांगा."

वस्ताद जवळ आले. त्यांनी बॉनेटखाली वाकूनही पाहिलं नाही. ओले हात धोतराला पुसत त्यांनी मानेनंच लहूकडं दाखवलं.

"मला काय विचारतोस? घाटात चक्रावर हात त्याचे होते."