गेनूचा आजारी सरडा

आंबेखिंडीत गेनू नावाचा एक भोळा माणूस राहायचा. कुणी काही सांगितलं की तो ते अगदी सांगितल्यासारखं करायचा. बायको चंद्री त्याच्या या भोळेपणामुळंच त्याच्याशी नांदत होती आणि त्याच्यामुळंच वैतागलेली होती.

त्यांच्या दारातल्या शेवग्यावर एक रंग बदलणारा सरडा राहायचा. गेनूनं त्याचं नाव बाळोबा ठेवलं होतं. म्हशीवरच्या माशा खाऊन बाळोबा गुबगुबीत झाला होता. गेनू बोलायला लागला की तो एक डोळा गेनूकडे ठेवायचा आणि दुसरा माशीकडे. आपलं बोलणं इतकं मन लावून ऐकणारं गावात दुसरं कुणी नाही, असं गेनूला वाटायचं.

एकदा वाऱ्यानं शेवग्याची फांदी मोडली. बाळोबा खाली पडला, पुढचा पाय दुखावला. गेनूनं त्याला टोपीत घातलं आणि नरहरी वैद्यांकडे नेलं. वैद्यबुवा माणसांना काढे द्यायचे. सरडा त्यांच्याकडे पहिल्यांदाच आला होता.

"याला उन्हात ठेव," ते म्हणाले. "अंग तापलं की बरं वाटेल."

गेनूनं बाळोबाला उन्हातल्या दगडावर ठेवलं. सकाळी ठेवलं, दुपारीही तिथंच. बाळोबा पांढरट पडला, तोंड वासून धापा टाकायला लागला.

चंद्रीनं त्याला उचललं. "अहो, तापलं की सावलीत न्यायचं. वर पाणी शिंपडायचं."

"हे वैद्यबुवा बोललेच नाहीत," गेनू म्हणाला. पण त्यानं ते ध्यानात ठेवलं.

दुसऱ्या दिवशी चंद्रीनं त्याला लोणच्यासाठी मीठ आणायला बाजारात पाठवलं. येताना कडक ऊन होतं. डोक्यावरची पिशवी चांगलीच तापली. गेनूनं ती चिंचेच्या सावलीत उतरवली आणि ओढ्याचं पाणी आणून शिंपडत बसला. पिशवी हलकी हलकी होत गेली. तिला बरं वाटतंय, असं गेनूला वाटलं. घरी आणली तेव्हा तिच्यात मूठभर चिखलमीठ उरलं होतं.

चंद्रीनं कपाळाला हात लावला. "अहो, ओलं झालं होतं तर चुलीजवळ ठेवून वाळवायचं."

"आता तसंच करीन," गेनू म्हणाला.

संध्याकाळी चंद्री विहिरीवर गेली. गेनूला फळीवर पाण्याच्या वाडग्यात तरंगणारा लोण्याचा गोळा दिसला. चांगला ओला होता. गेनूनं तो उचलून चुलीच्या अगदी कडेला ठेवला. चंद्री परतली तेव्हा लोण्याचा ओघळ उंबऱ्यापर्यंत आला होता आणि मांजर तो चाटत होतं.

चंद्रीनं मांजराला हाकललं. मग म्हणाली, "नाजूक जिनसा ओल्या फडक्यात गुंडाळून माठाशेजारी ठेवतात. गारव्याला."

गेनूनं सगळ्या घरात नजर फिरवली. आजारी बाळोबाइतकं नाजूक त्या घरात काही नव्हतं.

सकाळी चंद्रीनं माठाजवळचं फडकं उलगडलं. आत बाळोबा काळाठिक्कर पडला होता. डोळे मिटलेले, अंग ताठ. गेनूनं त्याला फडक्यातून उचललं. मग बाळोबाला छातीशी धरून अनवाणीच वैद्यांकडे पळाला.

"माझ्या हातानं मेला का हो?" त्यानं विचारलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

वैद्यबुवांनी सरड्याला बोट लावून पाहिलं. "गारठलाय. जीव आहे अजून. छातीशी धरून ऊब दे, अजिबात सोडू नको. तोंड उघडलं की एक माशी दे. काळेपणा जाऊन रंग पालटला, की समज वाचला."

गेनू घरी येऊन भिंतीला टेकून बसला. बाळोबाला सदऱ्यात घेतलं. जेवला नाही. म्हैस हंबरत राहिली, चंद्रीनंच तिची धार काढली. ऊन कलायला लागलं तेव्हा सदऱ्यात काहीतरी वळवळलं. एक डोळा उघडला, मग दुसरा. तोंड उघडलं. चंद्रीनं माशी पुढं धरली. लांब जीभ सटकन बाहेर आली आणि माशी गेली. बघता बघता बाळोबा हिरवागार झाला.

गेनू बसल्या जागी हसायला आणि रडायला लागला. मग बाळोबाला चंद्रीकडे देऊन तो ही बातमी सांगायला वैद्यांकडे निघाला. वाटेत कुणाला लागली तर असावी म्हणून मुठीत एक माशीही घेतली.

वैद्यबुवा दगडी ओट्यावर आडवे झाले होते. डोळे मिटलेले, हालचाल नाही. गेनूनं पायाला हात लावला. गार. मग तोंडाकडे पाहिलं. वैद्यबुवा जन्माचेच काळे, पण गेनूनं आजवर त्यांच्या रंगाकडे नीट पाहिलं नव्हतं. हेही गारठलेत, असं त्याला वाटलं.

थोड्या वेळानं गेनू धापा टाकत घरी आला आणि दाराला कडी लावली.

"काय म्हणाले वैद्यबुवा?" चंद्रीनं विचारलं.

"म्हणतायत कुठले, मरायला टेकले होते. मी छातीशी घट्ट धरले. सुटायला बघत होते, पण सोडलं नाही. ओरडायला तोंड उघडलं तशी माशी घातली. आधी लाल झाले, मग पिवळे, मग हिरवे."

"अन् आता?"

"आता एकदम ठणठणीत. काठी घेऊन माझ्यामागं इथपर्यंत पळत आलेत."