पैलवानाचं पांघरूण

एक होता पैलवान. केवढा? तुमच्या करंगळीएवढा. अंगात एक हाड नाही. ओठावर मिशी नाही. पण नाव काय? पैलवान! हसू नका. मी पाहिलाय त्याला.

पैलवान होता एक गांडूळ. वेणूआत्याच्या परसात राहायचा. तिथे होता तोंडलीचा वेल. वेलाभोवती मातीची गोल वाटी. तिला म्हणायचं आळं. आळ्यात पैलवानाचं घर. खाली गार गार माती. वर सुक्या पानांचं पांघरूण. मधे पैलवान. घुर्रर्र!

एक दिवस सकाळी वेणूआत्या आली. हातात खराटा. घरी पाहुणे यायचे होते ना!

"शी! केवढा हा कचरा!"

खरर्र खरर्र! अंगण झाडलं.
खरर्र खरर्र! आळंसुद्धा झाडलं!

सगळी पानं टोपलीत. आत्या गेली घरात, लाडू वळायला.

पैलवान उघडा पडला. वर बघतो तर ऊन! ऊन आलं कौलांवर. तिथून येणार भिंतीवर. तिथून उतरणार आळ्यात. मग माती तापणार, वेल सुकणार. आणि पैलवानाची होणार शेवई!

"माझं पांघरूण आणणार!" पैलवान म्हणाला. "आणणार म्हणजे आणणार!"

निघाला. वळवळ सुळुक! वळवळ सुळुक!

टोपलीपाशी आला.

"टोपलीबाई, टोपलीबाई, पानं दे."

"मी कशी देऊ, बाळा? मला का हात आहेत? शेळीने ढुशी मारली, तर पानं सांडतील."

वळवळ सुळुक! वळवळ सुळुक!

"शेळीबाई, शेळीबाई, ढुशी मार.
टोपली देईना पानं,
पैलवानाला मिळेना पांघरूण!"

"बें! रिकाम्या पोटी ढुशी? मी नाही मारत. आधी शेवग्याचा पाला आण!"

ऊन आलं भिंतीवर.

वळवळ सुळुक! वळवळ सुळुक!

"शेवगेदादा, शेवगेदादा, पाला टाक.
शेळी मारेना ढुशी,
टोपली देईना पानं,
पैलवानाला मिळेना पांघरूण!"

शेवगा वरून म्हणाला, "कोण बोलतंय? दिसत नाही बुवा! हां, पैलवान होय? अरे, माझा घसा कोरडा. आधी पाणी आण!"

ऊन आलं पायरीवर.

वळवळ सुळुक! वळवळ सुळुक!

न्हाणीचं पाणी पाटाने झाडांना जायचं. आज पाटातच थांबलं होतं.

"पाणीमामा, पाणीमामा, धावत ये.
शेवगा टाकेना पाला,
शेळी मारेना ढुशी,
टोपली देईना पानं,
पैलवानाला मिळेना पांघरूण!"

"डुबुक! येतो की! पण वाटेत बसलंय ढेकूळ. आधी त्याला उठव!"

ढेकूळ म्हणजे मातीचा मोठा गोळा. कडक्क! फुगून बसलेला.

"ढेकळोबा, ढेकळोबा, बाजूला हो.
पाणी येईना धावत,
शेवगा टाकेना पाला,
शेळी मारेना ढुशी,
टोपली देईना पानं,
पैलवानाला मिळेना पांघरूण!"

"हॅ हॅ हॅ!" ढेकूळ हसलं. "मी नाही होत बाजूला. मला फोडते फक्त कुदळ. आणि कुदळीचा दांडा मोडलाय. आता काय करशील, शेवई?"

ऊन आलं आळ्याच्या काठावर!

पैलवानाने इकडे पाहिलं. तिकडे पाहिलं. विनवायला कोणी उरलंच नाही.

"शेवई कोणाला म्हणतोस रे?" पैलवान म्हणाला. "माती पोखरायची तर माझं काम!"

ढेकूळ वरून कडक. पण खालून? खालून ओलं! पैलवान खालून शिरला.

कुर्र कुर्र, भुस्स!
कुर्र कुर्र, भुस्स!

एक भोक. दोन भोकं. पाच भोकं.

"अरे अरे, गुदगुल्या होतात!" ढेकूळ ओरडलं. "अरे, पुरे! अरे..."

भुस्सकन् ढेकूळ फुटलं!

ढेकूळ फुटलं, पाणी धावलं. खळखळ!
पाणी धावलं, शेवग्याने पाला टाकला. सळसळ!
पाला टाकला, शेळीने खाल्ला. करकर!
पाला खाल्ला, शेळीने ढुशी मारली. धाडकन्!
टोपली लोळली गडगड गडगड, थेट आळ्यात!
पानं सांडली भुरभुर भुरभुर.

आणि पैलवान? वळवळ सुळुक, वळवळ सुळुक, पांघरुणात शिरला. डोकं कुठे, शेपूट कुठे, कोणाला कळलंच नाही!

तेवढ्यात आत्या आली. "अगं बाई! परत कचरा?"

ती खाली बसली. पानांत हात घातला. आत माती गार गार! पलीकडे उघड्या मातीला हात लावला. हाय! चटका!

आत्याने परत पानांत हात घातला. मग म्हणाली, "हे तर पांघरूण! आणि मी मेली ओढून घेत होते!" तिने पानं नीट सारखी केली. वर दोन थापट्या मारल्या.

तेव्हापासून आळं कोणी झाडलं नाही. उन्हाळ्यात माती तापली नाही. पावसात वाहून गेली नाही. थंडीत ऊब राहिली. वेल चढला भिंतीवर, भिंतीवरून कौलांवर. तोंडलीच तोंडली!

शेजारच्या सोनूमामी मान वर करून बघत बसल्या.

"वेणूताई, एवढी तोंडली? वेलाला घालता तरी काय?"

"पांघरूण!" आत्या म्हणाली.

पैलवान शिरला मातीत, भाजी आली ताटात. आता आ करा मोठ्ठा!