निर्माल्यावरचं पाणी

"मग सोडून देऊ का हे शिक्षण, बुवा?"

गंगाधरबुवा पायरीवर बसून हात धूत होते. हात धुणं चालूच राहिलं.

आमच्या बुवांचं हात धुणं म्हणजे एक वेगळाच सोहळा असतो. पोथीला हात लागला, धुतले. दाराच्या कडीला लागला, धुतले. मी या मठाचा आचारी, यशवंत. माझा निम्मा जन्म चुलीपुढं गेला आणि निम्मा या हातांवर पाणी घालण्यात.

"बुवा, मी काय विचारते आहे..."

"ऐकतोय."

विचारणारी केतकी इंगवले. कोल्हापुरात पर्यावरणाचं शिकते, त्यातही कचऱ्याचं. कचऱ्याचं काय करावं याचंही कॉलेज असतं, हे मला या पोरीमुळं कळलं. शेवटच्या वर्षाचं काम म्हणून तिनं आमचा मठ धरला. पूर्वी देवाचं निर्माल्य आणि पंगतीच्या पत्रावळ्या आम्ही सरळ नदीत सोडायचो. तिनं ते बंद केलं आणि मठामागं खताचा ढीग लावला. बुवा हो म्हणाले म्हणून झालं, नाहीतर आमचे विश्वस्त कुणाचं ऐकतात?

माझ्या स्वयंपाकघरात तीन बादल्या आल्या. ओलं यात, सुकं त्यात, प्लास्टिक तिसऱ्यात. भात कमी आणि हुकूम जास्त, अशी गत. मी कुरकुरलो, पण केलं.

आणि एवढं करून ढीग नासला. असा वास सुटला की पंगतीतली माणसं पदर आणि रुमाल नाकाला लावून जेवायला लागली. विश्वस्तांनी सांगून टाकलं, पौर्णिमेच्या भंडाऱ्यापर्यंत वास गेला नाही तर ढिगावर माती ओढायची आणि निर्माल्य पुन्हा नदीत.

त्याच भंडाऱ्याला तिचे परीक्षक येणार होते. आणि तिचे वडीलही. इचलकरंजीत त्यांचं औषधांचं दुकान आहे. पोरीनं काउंटरवर बसावं, असं त्यांचं पहिल्यापासून म्हणणं. ढीग फसला तर न्यायलाच येतो, असं फोनवर म्हणाले होते.

बुवांनी हात पुसले.

"वास कशानं येतो?"

"लोकांमुळं," केतकी म्हणाली. "माझं काही चुकलेलं नाही. पुस्तकात आहे तसा थर लावला. रोज दुपारी येऊन ढिगाचं तापमान मोजते. लोकच काहीतरी घाण टाकत असणार. या लोकांसाठी काही करण्यात अर्थ नाही."

"कोण लोक?"

"तुमचे भक्त. आणखी कोण?"

मी पाण्याचा तांब्या खाली ठेवला. बुवांच्या तोंडावर असं बोलायची आमच्याकडं रीत नाही. पण बुवांनी वेगळंच विचारलं.

"काकड आरती बघितलीस कधी आमची?"

"नाही. मी दुपारच्या एसटीनं येते."

"आज इथं रहा. सकाळी आरती बघ. मग सोडायचं ते सोड."

"आरतीचा आणि ढिगाचा काय संबंध?"

...

बुवा आत निघून गेले. केतकी माझ्याकडं वळली, जसं काही मीच तिला थांबवून घेतलं होतं. मी म्हटलं, "बाई, भाकरी खा आणि झोप."

सकाळी आरती झाली. बुवांनी आदल्या दिवसाची फुलं, बेल, हार परातीत घेतले आणि मठामागं निघाले. त्यांच्या मागं गावातल्या बायाबापड्या, ज्याच्या त्याच्या हातात आपापल्या देव्हाऱ्यातलं निर्माल्य. केतकी ओढणी नाकाला लावून सगळ्यांच्या मागं.

बुवांनी परात ढिगावर अलगद रिकामी केली. हात जोडले. मग वाकून मी भरून ठेवलेला तांब्या उचलला आणि फुलांवर ओतला, पार शेवटच्या थेंबापर्यंत.

"बुवा, हे काय करताय?"

"विसर्जन."

"ढिगावर?"

"मग कुठं? नदीवर जाऊ नका, तूच म्हणालीस."

बुवा बाजूला झाले. मागच्या म्हातारीनं फुलं ठेवली, हात जोडले, तांब्या ओतला. तिच्यामागच्या बाईनं तेच केलं. तिच्यामागच्या पाटलांनी कळशीच आणली होती.

केतकी माझ्या बाजूला सरकली.

"रोज?" तिनं मला विचारलं.

"रोज."

"सगळे?"

"देवाच्या अंगावरचं फूल कोरडंच फेकून द्यायचं की काय?"

"काका, तुम्हाला माहीत होतं. मला सांगितलं का नाही?"

सूर्य उगवतो हे कुणी कुणाला सांगतं का? तसंच म्हटलं तिला. ती एकदम खाली दगडावर बसली. मला वाटलं, रडणार आता. तर ही हसायला लागली, आणि हसता हसता डोळे ओढणीला पुसायला लागली.

"पाणी आहे हो, काका. नुसतं पाणी. इतकं पाणी झालं की आत हवाच जात नाही, मग नासणार नाही तर काय होणार? मला वाटलं होतं, मी शिकले तेच सगळं खोटं आहे. रात्रभर झोपले नाही मी."

तिचा चेहरा इतका हलका झाला होता की मलाच सुटल्यासारखं वाटलं. नाही म्हटलं तरी पोरीचा जीव लागला होता त्या घाणीत.

लगेच उठून ती बुवांकडं गेली.

"आजच बोर्ड लावते. इथं पाणी घालू नये."

"लाव."

"मग नाही ना घालणार कुणी?"

"मी वाचीन," बुवा म्हणाले, "आणि मग घालीन."

"अहो, पण का? आता तर तुम्हाला कळलं ना, नुकसान होतं म्हणून?"

"कळलं."

"तरी?"

बुवांनी रिकामा तांब्या तिच्या हातात दिला.

"डोक्याला कळलं. हाताला कोण सांगणार?"

...

तांब्या तिच्या हातात तसाच. एकदा ढिगाकडं बघायची, एकदा त्या तांब्या घेतलेल्या बायांकडं. मग तिनं मलाच विचारलं, "काका, देवाला कुठलं झाड चालतं?"

"सगळीच चालतात. पूजेला केळ लागते."

दुपारी बघतो तर हिनं ढिगाच्या अलीकडं, वाटेवरच, केळीचे मुनवे, बुडाला फुटलेले कोंब, लावलेले. भोवती चांगलं ऐसपैस आळं केलेलं. दुसऱ्या दिवशी आरतीनंतर ती स्वतः तिथं उभी. आलेल्या म्हातारीचा हात धरून म्हणाली, "आजी, फुलं घेऊन इथं या. आधी केळीपाशी पाणी सोडा. विसर्जन झालं. आता फुलं ढिगावर ठेवा."

म्हातारीनं बुवांकडं बघितलं. बुवांनी आपला तांब्या केळीच्या आळ्यात ओतला. संपलं. त्या दिवसापासून ढिगावर थेंब पडला नाही, आणि बोर्ड काही तिनं लावला नाही.

मग तिनं ढीग उपसायला काढला. शेजारच्या मळ्यातून उसाचं पाचट आणलं, सुका पाला आणला, मला नारळाच्या शेंड्या सोलायला बसवलं. मी आचारी आहे की कोण, हे मला त्या आठवड्यात आठवेना. वरचं खाली, खालचं वर, मध्ये पाचट. ती घामानं निथळायची आणि मध्येच ढिगाजवळ नाक नेऊन हुंगायची. लोक हसायचे. तिला फरक पडत नव्हता.

एका सकाळी मी चूल पेटवत होतो, तर ती धावत आली.

"काका, वाफ."

"कुठं?"

"ढिगातून. तापला एकदाचा."

गेलो. खरंच, थंडीत ढिगातून बारीक वाफ निघत होती. वास म्हणाल तर नांगरलेल्या शेताचा. एवढा जीव भांड्यात पडला माझा की म्हटलं, चल, तुला गोडाचा शिरा करून घालतो.

पौर्णिमा आली. भंडाऱ्याला गाव लोटला. विश्वस्त मठामागं जाऊन नाक वर करून उभे राहिले, काही मिळेना तेव्हा परत आले. परीक्षकांनी ढिगात तापमापी खुपसली, चार प्रश्न विचारले आणि "उत्तम आहे" म्हणून पंगतीला बसले.

वडील मात्र बसले नाहीत. विजयराव इंगवले, इस्त्रीचा शर्ट, हातात रुमाल. ढिगापासून लांबच उभे. बुवा तिथं आले तसे त्यांनी वाकून नमस्कार केला.

"बुवा, तुमचा शब्द मी मोडणार नाही. तुम्हीच सांगा. पास होईल ती, ठीक आहे. पण आयुष्यभर हेच? लोकांच्या उष्ट्या-खरकट्यात हात घालायचे? उद्या स्थळं बघायला गेलो तर काय सांगू, मुलगी काय करते?"

केतकी बापाच्या मागंच उभी होती. आठवडाभर पाचट ओढून तिच्या हातांना फोड आले होते, ते तिनं ओढणीत लपवले.

"सांगा ना, बुवा," विजयराव म्हणाले. "तुम्ही म्हणाल तसं. आज घेऊन जाऊ की ठेवू?"

बुवांनी बाही वर सारली. वाकले. आणि उजवा हात मनगटापर्यंत ढिगात घातला.

दाराची कडी लागली तरी धुवायचा, तो हात.

बुवांनी हात बाहेर काढला. मूठभर काळं खत, भुसभुशीत, त्यात एका झेंडूची अजून पिवळी असलेली पाकळी. ते त्यांनी बोटांनी कुस्करलं, विजयरावांपुढं धरलं. विजयरावांचा रुमाल नाकाकडं निघाला होता तो वाटेतच थांबला. त्यांनी हळूच वास घेतला... पुन्हा घेतला.

बुवांनी खत परत ढिगावर सोडलं.

मी सवयीनं तांब्या घेऊन धावलो. हातांवर धार धरणार, तेवढ्यात बुवांनी तोच काळा हात माझ्यापुढं पसरला.

"पाणी राहू दे, यशवंता. प्रसाद घाल."