हाडवैद्याचं पुटपुटणं

डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. तिथे शांतवन नावाचा हाडवैद्य राहायचा. निखळलेला सांधा तो असा बसवायचा, की माणसाने ओरडायला तोंड उघडेपर्यंत काम झालेलं असायचं. गावात ख्रिस्ती घर त्याचं एकट्याचंच.

सांध्याला हात घालण्याआधी तो डोळे मिटून प्रभू येशूची प्रार्थना करायचा. पण ओठांतल्या ओठांत. मोठ्याने म्हटलं तर लोक म्हणतील, ‘आला आम्हाला बाटवायला!’ या धास्तीने बिचाऱ्याने आपल्या देवाला सदा कुजबुजतच हाक मारली. कोणी विचारलंच, “काय हो, काय म्हणता?” तर तो “काही नाही, काही नाही” म्हणत तेलाची बाटली शोधायला लागायचा.

आता त्या गावातल्या देवऋषीने सगळ्यांना पढवून ठेवलं होतं, की मंत्र उघड केला की त्याची शक्ती जाते. म्हणजे जो सांगत नाही, त्याच्याकडे मंत्र असणारच! लोक पारावर बोलू लागले, “हाड बसवतो खरा, पण करणीच्या जोरावर. आज हाड बसवतोय, उद्या भूत बसवील.” शांतवन दिसला की सगळे गप्प व्हायचे. त्याला वाटायचं, आपला धर्मच यांना खुपतोय. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय! लोकांना त्याचा संशय आणि त्याला लोकांचा.

एके सकाळी सोनकाबाईची नात चिंचेवरून पडली. तिचं कोपर निखळलं. ओढ्याला पूर, त्यामुळे तालुक्याची वाट बंद. नाइलाजाने सोनकाबाई नातीला घेऊन शांतवनच्या ओट्यावर आली. हात सुजत चालला होता. आणखी उशीर झाला असता तर कोपर जन्माचं वाकडं राहिलं असतं. शांतवनने ते बघताक्षणी ओळखलं. त्याने डोळे मिटले आणि ओठ हलवले.

“थांब!” सोनकाबाईने नातीला मागे ओढलं. “काय पुटपुटतोस ते आधी सांग.”

“काही नाही, मावशी.”

“काही नाही म्हणणाऱ्याच्याच पोटात काहीतरी असतं. हात वाकडा राहिला तरी चालेल, पण तुझी करणी नको!”

करणी! शांतवन चाटच पडला. उभ्या जन्मात त्याने कुणाचं वाईट चिंतलं नव्हतं. त्याला राग आला, आणि मग स्वतःचीच लाज वाटली. येशूच्या नावाला गावात कुणी हरकत घेतलीच नव्हती. ते नाव त्याने कुणाला ऐकूच दिलं नव्हतं! अजूनही एखादी थाप मारून वेळ मारून नेता आली असती. पण पोर कण्हत होती.

“मी प्रार्थना करतो, मावशी. ऐका,” तो म्हणाला. त्याने पुन्हा डोळे मिटले आणि पहिल्यांदाच मोठ्याने बोलू लागला. “प्रभू येशू, तू आजाऱ्यांना हात लावून बरं केलंस. या लेकराला फार दुखतंय. माझा हात चुकू देऊ नकोस. आमेन.”

सोनकाबाई बघतच राहिली. “एवढंच?”

“एवढंच.”

“अरे मेल्या! आमच्यासाठी देवाकडे मागतोस, ते असं चोरून? किती वर्षं आमच्या जिवाला घोर लावलास!” तिने नातीला पुढे केलं. “बसव हात.”

कोपर जागेवर बसलं. पोर एकदाच किंचाळली आणि शांत झाली. शांतवन हाताला बांबूच्या कामट्या बांधू लागला, तरी सोनकाबाईची नजर त्याच्या तोंडावरून हलेना.

“तुझ्या देवाला जे मानत नाहीत, त्यांनाही तो बरं करतो?” तिने विचारलं.

“तो आधी तसं विचारत नाही, मावशी.”

“असा कसा देव तो? सांग बरं नीट.”

शांतवनने पट्टीची गाठ मारली, तिच्या शेजारी टेकला आणि सांगू लागला.

तात्पर्य: भीतीने दडवलेल्या श्रद्धेत लोकांना काळंबेरं दिसतं, म्हणून कोणी विचारलं तर ती न घाबरता आणि न लादता, सरळ सांगावी.