वेशीवरची कोंडाक्का

फार वर्षांपूर्वी, घळवाडीला सडक यायच्या कितीतरी आधी, आमच्या वेशीवर कोंडाक्का नावाची बाई राखण करायची. बाई आणि राखण, असं म्हणून ऐकणारे हसतात. हसू द्या. नवरा गेल्यावर तिने त्याची काठी उचलली, ती पुन्हा कुणाला दिली नाही.

तिचा सगळा जन्म बैलांत गेलेला. मारका बैल शिंग उगारण्याआधी कान कसे टाकतो, श्वास कसा कोंडतो, हे तिला पाठ होतं. माणूस काही वेगळा नाही, असं ती म्हणायची. नुसत्या उडत्या धुळीवरून ती सांगायची म्हणे, येणारा रागात आहे की भुकेला. तिने डोळे रोखले की वेशीत शिरलेला लांडगाही शेपूट घालून मागे फिरायचा, असं म्हणतात. लांडग्याचं मी छातीठोकपणे सांगत नाही. पण ती वेशीवर असेतो घळवाडीवर दरोडा पडला नाही, एवढं सगळेच सांगतात.

आमच्या गावदेवीच्या, घळजाईच्या जत्रेला चहूकडून माणसं यायची, म्हणून गावाने काही गडी तिच्या हाताखाली दिले. तिने आधी त्यांच्या काठ्या काढून घेतल्या आणि त्यांना बाजारात नुसतं बघत बसवलं.

“तोंडाकडं नगा बघू,” ती सांगायची. “तोंड समद्यांना सजवता येतं. हात बघा, पाय बघा. जत्रंला आलेला मानूस दुकानं बघतो. ज्याच्या मनात काळं हाय, त्यो राखनदाराला बघतो.”

हात लपवणारा, ऊन नसताना घामेजलेला, आत येण्याआधी निसटायची वाट शोधणारा, असे सगळे तिने त्यांना दाखवून दिले. गडी तयार झाले. चोरटे बाजारातच धरले जाऊ लागले आणि गावाची छाती फुगली. कोंडाक्काचा डोळा चुकायचा नाही, असं लोक बोलू लागले, आणि तिलाही ते खरं वाटू लागलं. आमचा घात झाला तो इथे.

एका जत्रेला एक माणूस वेशीतून आत आला. अंगावर घोंगडी, उजवा हात घोंगडीच्या आत. तो घामाने निथळत होता. दुकानांकडे त्याचं लक्ष नव्हतं, तो वळून वळून राखणदारांकडे बघत होता आणि अंग चोरून देवळाकडे सरकत होता. गड्यांनी कोंडाक्काकडे पाहिलं. तिने होकाराची मान हलवली.

मग काय! गडी तुटून पडले. “चोर, चोर!” म्हणत अख्खी जत्रा धावली. तो ओरडत होता, “ठेवाय आलोय, ठेवाय आलोय वो!” ऐकतो कोण? त्याची मूठ उघडेना, म्हणून कुणीतरी त्या मुठीवर टाच मारली. हाडं मोडल्याचा आवाज झाला आणि मुठीतून नथ पडली.

पुजारी पुढे आला. नथ उचलली आणि त्याचा चेहरा उतरला. तो म्हणाला, “अरं, ही घळजाईची दुष्काळात चोरीला गेलेली नथ. आईचं नाक तवापासनं मोकळंच हाय. ह्यो न्यायला न्हवं, द्यायला आला व्हता रं!”

घेऊन जाणारा आणि परत द्यायला आलेला, दोघं सारखेच चालतात. कपटाने घाम फुटतो, तसा लाजेनेही फुटतो. बैलाला लाज नसते, म्हणून कोंडाक्का ते शिकली नव्हती. आणि आम्ही? आमच्या वाडवडिलांनी जत्रेच्या दिवशी, देवीच्या दारात, तिची नथ घेऊन आलेल्या माणसाचा हात मोडला. सांगताना आजही मान खाली जाते.

तो उठला. कुणी पाणी पुढे केलं, ते त्याने घेतलं नाही. मोडलेला हात छातीशी धरून तो आला तसा निघून गेला. नथ देवीला घातली तर नाकात ठरेना, पुन्हा पुन्हा गळून पडू लागली, असं म्हणतात. कोंडाक्का त्याला शोधायला निघाली. खोरीच्या खोरी पालथी घातली. पण शोधणार तरी कशी? त्याचं नाव कुणी विचारलंच नव्हतं. “मोडक्या हाताचा मानूस बघितलाय का?” एवढंच ती विचारायची आणि तिचे ते डोळे बघून लोक दारं लावून घ्यायचे.

ती रित्या हाताने परतली. त्यानंतर तिने मान वर करून कुणाकडे पाहिलं नाही, असं म्हणतात. पण गड्यांना पुन्हा बसवलं आणि राहिलेला धडा शिकवला.

आता जत्रेला गणवेशातले राखणदार येतात, शिट्टी नि वॉकीटॉकी घेऊन. त्यांनाही आधी वेशीजवळ बसवून कोंडाक्काची शिकवण देतात. हात बघा, पाय बघा. सगळ्या खुणा जुळल्या की राखणदार त्या माणसाजवळ जातो, आपले दोन्ही हात मोकळे करून दाखवतो आणि विचारतो, “पाव्हणं, काय ठेवाय आलाय?”

चोर असेल तर तो गडबडतो आणि सापडतो. कुणी हसतं, कुणी चिडतं. पण एखाद्या वर्षी एखादा माणूस तो सवाल ऐकून तिथेच मटकन बसतो आणि रडायला लागतो. मग राखणदार त्याला उठवतो, गर्दीतून वाट काढत देवीपर्यंत नेतो आणि त्याची पाठ फिरण्याआधी त्याचं नाव विचारून घेतो.