शिळासप्तमीचा उरलेला घास

सिंदफणा नदीच्या काठी आंबेहोळ नावाचे लहानसे गाव होते. नदीच्या वळणावर शीतळादेवीचे ठाणे, आणि ठाण्यापुढच्या चिंचेखाली निवांतगीर महाराजांचा मुक्काम. महाराज कुठून आले हे गावाने विचारले नाही आणि त्यांनी सांगितले नाही. अंगावर पांघरलेली एक भगवी छाटी, खांद्याला झोळी, आणि तोंडावर असे हसू की रडते पोरही घटकाभर गप्प बसावे.

महाराजांची भिक्षेची रीत मात्र जगावेगळी होती. इतर साधू सकाळी येतात आणि चुलीवरचे ऊन अन्न घेऊन जातात. महाराज यायचे गावाची जेवणे उरकून खरकटी निघाल्यावर. दाराशी उभे राहून विचारायचे, “माय, काही उरलंय का?” उरले असेल ते झोळीत घ्यायचे, नसेल तर आशीर्वाद देऊन पुढच्या दारी. कोणी त्यांच्यासाठी मुद्दाम ताजे रांधले तर हात जोडून म्हणायचे, “ताजं लेकरांना घाल, माय. ज्या घासाला कोणी विचारत नाही, तो माझा.”

या गावात पाटलांच्या घरी दोन जावा नांदत होत्या. थोरल्या बयजाबाई. घर भरलेले, दावणीला बैल, अंगावर सोने, आणि जिभेवर तिखट. धाकटी द्वारका. तिचा नवरा ऐन तारुण्यात गेला, पोटी मूल नाही. मागच्या सोप्यात एक कोपरा आणि घरभराचे काम एवढेच तिच्या वाट्याला आले होते. पण थोरलीची लेक मैना तिच्याच मांडीवर वाढली होती. मैनेचे न्हाणे-माखणे, वेणीफणी, आजारपण सारे द्वारकेने केले. जन्म दिला एकीने, पण रात्री दचकून उठली की पोर हाक मारायची ती काकीला.

द्वारकेला अन्न टाकवत नसे. उरलेल्या भाकरीचा ती फोडणी देऊन कुस्करा करी, भाताचे सांडगे घाली, तळाशी राहिलेल्या वरणात पीठ मळून त्याची थालीपिठे लावी. दुपार कलली की एक ताट झाकून महाराजांची वाट पाही. बयजाबाई आल्यागेल्यापुढे तिची थट्टा करायच्या. “आमच्या द्वारकाबाईंनी शिळ्याचं दुकान मांडलंय. गिऱ्हाईक एकच, तेबी फुकटं!” बाया पदर तोंडाला लावून हसायच्या. द्वारका मान खाली घालून भांडी घाशीत राही. हसणाऱ्यांच्या घरीही उरत होतेच म्हणा, पण पाटलीणबाईंपुढे तसे म्हणायची छाती कुणाची?

श्रावण लागला, नागपंचमी झाली. षष्ठीला गावाने दुसऱ्या दिवसाचे रांधून ठेवले. सप्तमी म्हणजे शीतळाबाईचा दिवस. त्या दिवशी चूल पेटवायची नाही; ती सारवून, हळदकुंकू वाहून तिला विसावा द्यायचा आणि कालचे रांधलेले खायचे. पाटलांच्या घरीही पोळ्या, घारगे, दहीभात असा सगळा घाट झाला होता.

त्याच षष्ठीच्या दुपारी महाराज दाराशी आले आणि नेमक्या बयजाबाई पुढे झाल्या.

“आमच्या घरात उरत न्हाई, महाराज,” त्या ठसक्यात म्हणाल्या. “पाटलाचं घर हाय ह्ये. शिळं ठेवायला आमी काय दरिद्री हाव?”

महाराज हसले. म्हणाले, “बरं बाई. पण उरू देत नाहीत त्या घरी एखादे दिवशी पुरतही नाही, एवढं ध्यानात असू द्या.”

बयजाबाईंनी नाक मुरडले आणि त्या आत वळल्या.

सप्तमीला सकाळी देवीची पूजा झाली, दुपारी जेवणे झाली. बरेच अन्न राहिले. बयजाबाईंनी गड्याला हाक मारली आणि सारे दावणीला टाकायला सांगितले. द्वारका धीर करून म्हणाली, “जाऊबाई, सांजेपतूर असू द्या की. सणाचं अन्न हाय.”

“तू गप ऱ्हा. कालचं आज खाल्लं त्ये देवीसाठी. आता शिळ्याचं शिळं साठवू व्हय?”

घमेली भरभरून अन्न गव्हाणीत गेले. द्वारकेने फक्त आपल्या ताटातले बाजूला काढून ठेवले. ती अजून जेवली नव्हती. थोड्या पोळ्या, मूठभर दहीभात, घारग्यांचे चार तुकडे. मडक्याच्या बुडाशी पंचमीच्या लाह्या आणि फुटाणे होते. महाराजांना एवढे पुष्कळ, असे मनाशी म्हणत तिने ताट झाकले.

इतक्यात दारात बैलगाड्या थांबल्या. मैनेला पाहायला यायचे होते ते पाहुणे! यायचे होते अष्टमीला. पण नदी चढू लागली, उद्या उतार मिळायचा नाही, म्हणून एक दिवस आधीच निघाले. गाड्यांतून बापे उतरले, बाया उतरल्या, आणि शेवटी काठी टेकत मुलाच्या थोरल्या आत्याबाई उतरल्या. त्या घराण्यात पान हलायचे ते आत्याबाईंच्या शब्दाने.

बैठक अंथरली गेली, पाय धुवायला पाणी दिले. बयजाबाईंनी गूळ आणि दुधाचे पेले पुढे केले. आत्याबाईंनी पेला हळूच बाजूला सारला.

“ऱ्हाऊ द्या, बाई. आज आमचं समद्यांचं शीतळाबाईचं व्रत. कालचा रांधलेला घास तोंडात पडल्याबिगर आमी काईबी घेत न्हाई. फाटंपासून वाटंवर हाव, घाईत शिदोरीबी ऱ्हायली, उपाशीच. तुमच्या घरी सणाचं उरलं आसंल, त्यातलं घासभर द्या म्हंजी झालं.” आणि मग सहज बोलावे तसे म्हणाल्या, “आमच्याकडं म्हणत्यात, शिळासप्तमीला ज्या घरी घास उरत न्हाई, त्या घरची लेक आणू ने.”

बयजाबाईंच्या पायाखालची जमीन सरकली. कणग्यांत जोंधळा होता, शिंक्यावर तूप होते, गुळाच्या ढेपा होत्या. पण कालचा रांधलेला घास नव्हता! त्या मागल्या दाराने गोठ्याकडे धावल्या. गव्हाण चाटूनपुसून लख्ख झाली होती आणि बैल डोळे मिटून निवांत रवंथ करीत होता. शेजारी मागावे, तर पाटलिणीने दारोदार जाऊन ‘काही उरलंय का’ म्हणून विचारायचे? त्या माघारी वळल्या.

द्वारका ताट घेऊन मागे उभी होती. बयजाबाईंनी ताटाकडे पाहिले, मग तिच्याकडे. “येवढ्यानं काय हुतंय?” त्या पुटपुटल्या. पण ‘शिळं’ हा शब्द काही त्यांच्या तोंडून निघाला नाही.

द्वारकेने ताट छातीशी धरले. ताट महाराजांचे होते. वाट पाहणाऱ्याला उपाशी परत कसे धाडायचे? आणि आत मैना मान खाली घालून बसली होती. त्याच वेळी परसदारी ओळखीचा आवाज आला, “माय, काही उरलंय का?”

ती ताटासकट धावली. “उरलंय, महाराज. तुमच्यासाठीच ठिवलंय. पण...” तिचे डोळे भरून आले.

“पण पोरीचं अडलंय,” महाराज म्हणाले. “मग माझा घास तिचा झाला. रडतेस कशाला? मात्र पाहुण्यांपुढे असं आणून आदळू नकोस, माय. नीट हात लाव त्याला. परातीत घाल, वर ही माझी छाटी झाक आणि हाताला येईल ते वाढत जा. आत डोकावू नकोस.”

द्वारकेने चुलीकडे पाहिलेही नाही. पोळ्या कुस्करल्या, त्यात किसलेला गूळ आणि थिजलेले तूप घालून मलिदा मळला आणि सुपारीएवढे लाडू वळले. दहीभातात मिरची-कोथिंबीर चुरून त्याचे इवलेसे गोळे केले आणि कुटलेल्या लाह्या-फुटाण्यांत घोळवले. घारग्यांचे बोटभर तुकडे करून प्रत्येकावर लोणच्याची फोड ठेवली. एकेका घासाचे सारे. परातीचा तळ काही झाकेना! तिने डोळे मिटले, देवीचे नाव घेतले आणि वर छाटी पसरली.

मैना पळसाची पाने मांडीत गेली, द्वारका मागून वाढीत गेली. छाटीखाली हात घालावा, तो लाडू हाताला लागावा. पुन्हा घालावा, तो दहीभाताचा गोळा. पहिली पंगत झाली, गाडीवानांची झाली, घरच्या गडीमाणसांची झाली. भाविकहो, ज्या हाताने कधी घास टाकला नाही, त्या हाताला त्या दिवशी घास कमी पडला नाही! दाराआडून पाहणाऱ्या बयजाबाईंचा डोळ्यांवर विश्वास बसेना.

आत्याबाई बोटे चाटीत म्हणाल्या, “सारं जग फिरले, पर शिळासप्तमीला आसं कुणी वाढलं न्हाई. घास येवढासा, आन् चव समद्या सणाची. कुणाच्या हातचं हाय गं ह्ये?”

बैठकीत सगळ्यांचे डोळे पाटलीणबाईंकडे वळले. द्वारका मनात म्हणाली, ‘“माझ्या हातचं” म्हणून टाका, जाऊबाई. पोरीचं भलं हुईल.’ एका शब्दाचे काम होते, आणि खोटे पाडणारे तिथे कोणी नव्हते. बयजाबाईंनी द्वारकेकडे पाहिले. मग खालच्या आवाजात म्हणाल्या, “माझ्या धाकट्या जावंच्या हातचं. मैना तिच्याच हाताखाली वाढलीया. मी... मी तर समदं दावणीला घातलं हुतं.”

 आत्याबाई मैनेला जवळ ओढून म्हणाल्या, “जिची काकी आशी, ती पोर माझ्या घरात उपाशी कुणाला ठिवायची न्हाई. सुपारी फोडा!”

सुपारी फुटली, घरात आनंद झाला. पण बयजाबाईंचे लक्ष परसदारी होते. महाराज पायरीवर तसेच बसलेले, झोळी रिकामी. त्यांनी वर पाहिले आणि नेहमीच्याच आवाजात विचारले, “माय, काही उरलंय का?”

आजवर या प्रश्नाला बयजाबाईंकडून एकच उत्तर मिळाले होते, ‘उरत न्हाई’. बयजाबाईंनी परातीवरची छाटी उचलली. परात पुसल्यासारखी कोरी होती. मधोमध मलिद्याचा एकच लाडू. दोन्ही हातांनी तो उचलून त्या पायरीपाशी आल्या आणि त्यांचा बांध फुटला. “उरलंय, महाराज! उरलंय!”

त्यांनी लाडू झोळीत घातला आणि महाराजांच्या पायांवर डोके ठेवले. महाराजांनी लाडू पुन्हा बाहेर काढला, मोडून अर्धा त्यांच्या हातावर दिला आणि म्हणाले, “आत एक जण सकाळपासून जेवलेली नाही, बाई.”

तेव्हा कुठे बयजाबाईंच्या ध्यानात आले. त्या उठल्या, चुलीपाशी भांडी गोळा करणाऱ्या द्वारकेपुढे जाऊन बसल्या आणि जन्मात पहिल्यांदा धाकट्या जावेला आपल्या हाताने घास भरवला.