पात वाढव

गोष्ट फार जुनी आहे, राजे होते आणि रस्ते नव्हते तेव्हाची. डोंगराआडच्या एका गावात पुतळाआई नावाची म्हातारी आणि गजरा नावाची तिची सून राहत होत्या. पुतळाआईचा लेक, म्हणजे गजराचा नवरा, नदीच्या पुरात वाहून गेला होता.

"हिनेच त्याला पलीकडे धाडलं," असं सासू म्हणाली. "तुमच्याच औषधाला गेले ते," असं सून म्हणाली. तिथून दोघींनी अबोला धरला. घर एक, चूल एक, आणि बोलणं मात्र मांजरीशी.

"मने, तिला सांग, पेज झाली," सून म्हणायची.

"मने, तिला सांग, भूक नाही," सासू म्हणायची.

मनी बिचारी दोघींकडे बघून डोळे मिटायची. हसू नका, अशी घरं तुमच्याही आळीत निघतील.

म्हातारी दिवसेंदिवस वाळत चालली होती. गजरा वरून रागात असली तरी आतून घाबरली होती, कारण सासू गेली की जगात तिचं म्हणावं असं कुणी उरत नव्हतं. म्हणून ती रोज पेज करायची, आणि वाडगा रोज तसाच परत यायचा.

दाराशी एका फुटक्या डेऱ्यात पात होती. बारीक, पोकळ, लसणाच्या वासाची. नवऱ्याने तिचा गड्डा कुठल्याशा लांबच्या घाटावरून आणला होता, गावात दुसरा नव्हता. "मुळाशी दोन बोटं ठेवून काप," त्याने गजराला शिकवलं होतं. "तुरा आला की खुडून टाक. पाणी घाल, पण चिखल करू नकोस. जन्मभर पुरेल." तो गेल्यापासून पातीला विळा लागला नव्हता. ती पिवळी पडून लोळत होती. गजरा सासूच्या नकळत तिला पाणी घालायची, तेवढंच.

एके सकाळी पुतळाआई बाजेवर उठून बसली आणि म्हणाली, "मने, तिला सांग, आता ती पात तेवढी वाढव."

गजराच्या काळजात चर्र झालं. आपल्याकडे बांगडी फोडली असं म्हणत नाहीत, वाढवली म्हणतात. दिवा वाढवतात, नारळ वाढवतात. नवरा गेला त्या दिवशी आयाबायांनी तिचे हात धरून हेच म्हटलं होतं, "वाढव बाई आता." तेव्हापासून या शब्दाचा तिच्यापुरता एकच अर्थ उरला होता. नवऱ्याची शेवटची खूणही सासूला डोळ्यांपुढे नको, असं तिला वाटलं.

'म्हणजे काय?' एवढं विचारलं असतं तरी भागलं असतं. पण विचारायचं तर आधी बोलावं लागणार, आणि आधी बोलेल ती हरणार. गजराने ओठ घट्ट मिटले, गड्डा मुळासकट उपटला आणि रडत रडत चुलीत घातला.

थोड्या वेळाने म्हातारी भिंत धरत धरत बाहेर आली. हातात पेजेचा वाडगा होता, कितीतरी दिवसांनी तिने आपणहून घेतलेला.

"मने, पात कुठे गेली गं?"

गजराच्या तोंडून शब्द निघून गेला. "आत्याबाई, तुम्हीच वाढव म्हणालात ना?"

"वाढव म्हणजे जगव म्हटलं होतं मी, बाई," म्हातारी म्हणाली. "त्याच्या हातची पात होती. तिच्याबरोबर चार घास गेले असते."

तिने वाडगा उंबऱ्यावर ठेवला आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून निजली. गजरा पाया पडली, रडली, समोर बसून चमच्याने पेज भरवू लागली. म्हातारीने ओठ उघडले नाहीत. पुढची अमावास्या तिने पाहिली नाही.

त्यानंतर गजरा रोज सकाळी रिकाम्या डेऱ्यात पाणी घालायची. मग घरात येऊन म्हणायची, "मने, त्यांना सांग, चुकलं माझं."

मनी रिकाम्या बाजेकडे बघायची आणि उठून बाहेर जायची.

रागाने बोलणं तोडलं, की जगवणारा शब्दही मारणाराच ऐकू येतो.